सुकून जगणारा निवडुंग

निवडुंग म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो पाण्याने टच्च भरलेला काटेरी खांब. अरिझोनाच्या वाळवंटातला सग्वारो बारा मीटरपर्यंत वाढतो. त्याच कुळातला ब्लॉसफेल्डिया लिलिपुटाना मात्र शर्टाच्या बटणाएवढा असतो. एकेका गोळ्याचा व्यास जेमतेम एक ते दीड सेंटिमीटर. जगातला सर्वांत लहान निवडुंग तो हाच.

दक्षिण बोलिव्हिया आणि वायव्य अर्जेंटिना हा त्याचा मुलूख. अँडीजच्या कोरड्या उतारांवर, उभ्या कड्यांच्या चिरांमध्ये तो रुजतो. १९३७ साली वेर्डरमान या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं.

भिंगाखाली धरला की याचं वेगळेपण कळतं. राखट हिरवं अंग, माथा किंचित खोलगट. कंगोरे नाहीत, उंचवटे नाहीत, काटा तर औषधालाही सापडत नाही. सर्पिल रांगांमध्ये बसलेले पांढुरक्या लोकरीचे बारीक पुंजके तेवढे दिसतात. इतर निवडुंगांत काटे अशाच पुंजक्यांतून फुटतात. फूल छोटं, पांढरट. पण उमललं की खालचा गोळा जवळजवळ झाकून टाकतं. जमिनीखाली जाड सोटमूळ असतं. त्याच्यावर एकाला लागून एक गोळे फुटत जातात आणि सगळी चीर त्यांनी भरून जाते.

खरी नवलाई पाण्याच्या व्यवहारात आहे. सग्वारो पाऊस पडला की कंगोरे फुलवून पाणी साठवतो आणि जाड सालीआड ते जपतो. ब्लॉसफेल्डिया साठवणुकीच्या भानगडीत फारसा पडतच नाही. अवर्षणात तो अंगातलं बहुतेक पाणी जाऊ देतो, आक्रसतो, चपटा होऊन दगडाच्या फटीत बसून राहतो. पाऊस आला की पुन्हा टवटवीत. बार्टलॉट आणि पोरेम्बस्की या संशोधकांनी १९९६ मध्ये त्याची ही सवय मांडली. हवेची देवाणघेवाण करणारी रंध्रंही त्याच्या अंगावर विलक्षण कमी असल्याचं त्यांनी दाखवलं. रंध्रं कमी म्हणजे कार्बन डायऑक्साइडही कमी मिळणार. त्यामुळे वाढ अत्यंत सावकाश.

अशा वनस्पती आपल्याकडेही आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम घाटातल्या, सुकून पुन्हा हिरव्या होणाऱ्या ६२ जाती नोंदवल्या आहेत. पण निवडुंगाच्या कुळात, जिथे पाणी धरून ठेवणं हाच धर्म, तिथे हा मार्ग धरणारा विरळाच.

संग्राहकांकडे हा बहुधा कलम केलेला दिसतो. जोमदार खुंटावर बसवला की तो भराभर फुगतो, पिल्लांचा गड्डाच्या गड्डा धरतो. रोपं वाढवायला आणि कड्यांवरची ओरबाड थांबवायला कलम उत्तम, यात शंका नाही. मात्र खुंटाचं पाणी सतत मिळत राहिल्याने त्याला आक्रसायची वेळच येत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की वनस्पतिउद्यानांनी बियांपासून, स्वतःच्या मुळांवर वाढवलेलं एक तरी रोप ठेवावं, मग त्याला नखाएवढं व्हायला कितीही वर्षं लागोत.