पडद्यामागचा संसार

चित्रपट संपतो, दिवे लागतात आणि प्रेक्षक उठून दाराकडे चालू लागतात. त्या वेळी पडद्यावरून नावांची एक लांबलचक यादी सरकत असते. छायाचित्रण करणारे, दिवे सांभाळणारे, रंगभूषा करणारे, सामान वाहणारे, अशी कितीतरी माणसे त्या यादीत असतात. ती वाचायला सहसा कोणी थांबत नाही. यांतील प्रत्येक नावामागे एक घर असते आणि त्या घरात कोणी तरी त्या माणसाची वाट पाहत असते, हे तर कोणाच्या ध्यानीमनीही नसते. चित्रपटाचे काम घड्याळाला जुमानत नाही. आज या गावी, तर उद्या त्या डोंगरावर. कधी उन्हाची वाट पाहायची, तर कधी रात्र जागून काढायची. असे फिरस्तीचे काम करणाऱ्याने घरच्या माणसांना वेळ द्यावा तरी कसा? हा प्रश्न आजचा नव्हे. भारतीय चित्रपटाइतकेच त्याचे वय आहे, आणि तो प्रथम उभा राहिला एका मराठी घरात.

ते घर धुंडिराज गोविंद फाळके यांचे. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले दादासाहेब चित्रकला, छायाचित्रण आणि छपाई या तिन्ही विद्यांत निपुण होते. १९१०-११ च्या सुमारास गिरगावातील एका तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील एक चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त वावरत होता. परंतु फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. तोच खेळ त्यांनी पत्नी सरस्वतीबाई यांनाही नेऊन दाखविला. त्या दिवसापासून त्यांना दुसरे काही सुचेना. रोज तासन्‌तास चित्रपट पाहायचे, उरलेल्या वेळात पुस्तके आणि यंत्रे यांत डोके खुपसायचे, झोप अशी नाहीच. या अतिश्रमांनी त्यांची दृष्टी गेल्यासारखीच झाली. उपचारांनी ती परत आली, परंतु ध्यास मात्र तसूभरही कमी झाला नाही.

पुढे विलायतेस जाऊन ही कला शिकून यायचे ठरले. पैसा कोठून आणायचा? फाळक्यांनी आपल्या आयुष्याचा विमा गहाण टाकला आणि १९१२ च्या फेब्रुवारीत बोटीत पाऊल ठेवले. मागे पत्नी आणि मुले. विमा हा घरच्यांच्या उद्याचा आधार. तोच आजच्या स्वप्नासाठी दुसऱ्याच्या हाती गेला होता. त्या काळी मुंबईहून लंडनला पोचायलाच कित्येक दिवस लागत. सुमारे दोन महिन्यांनी फाळके परतले ते कॅमेरा आणि इतर यंत्रे यांची मागणी नोंदवूनच.

त्याच दिवसांतील एक गोष्ट मोठी मौजेची आहे. भांडवल देणाऱ्यांस या कलेची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि कुंडीसमोर कॅमेरा रोखला. महिनाभर ते त्या रोपाची चित्रे घेत राहिले. ती चित्रे पडद्यावर सलग दाखविली, तेव्हा बी फुटले, अंकुर वर आला आणि पाहता पाहता त्याचा वेल झाला! महिन्याची वाढ सुमारे एका मिनिटात दिसली. या छोट्या चित्रपटाचे नाव ‘अंकुराची वाढ’. पाहणारे थक्क झाले.

त्यानंतर दादरच्या घरात ‘राजा हरिश्चंद्र’चे काम सुरू झाले, आणि घराचे घरपण पार बदलून गेले. एरवी पुरुष कामावर जातो आणि काम घराबाहेर राहते. येथे कामच घरात राहावयास आले. विलायतेहून येणाऱ्या फितीला कडेची भोके पाडलेली नसत. सरस्वतीबाई अंधारात बसून ती भोके पाडीत. रसायने मिसळणे, फीत धुणे हेही त्या शिकल्या. चित्रीकरणाच्या वेळी उन्हाचा उजेड नटांच्या तोंडावर परतवावा लागे. त्यासाठी त्या पांढरी चादर ताणून तासन्‌तास उन्हात उभ्या राहत. आणि एवढे करून साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक होताच! स्त्रिया चित्रपटात काम करण्यास तयार होईनात. म्हणून तारामतीचे काम अण्णा साळुंके या तरुणाने केले. तो त्याआधी एका खाणावळीत कामाला होता. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र.

या भालचंद्राची एक हकीगत सांगतात. चित्रीकरणासाठी मंडळी बाहेरगावी गेली होती. खेळता खेळता भालचंद्र दगडावर पडला, डोक्याला खोक पडली आणि तो बेशुद्ध झाला. काम थांबवावे, मुलाला मुंबईस न्यावे, असे सोबतच्या माणसांनी सुचविले. परंतु चितेवर निजलेल्या रोहिदासाचे दृश्य घ्यावयाचे राहिले होते. फाळक्यांनी प्रथमोपचार केले आणि त्याच निश्चेष्ट मुलाला चितेवर निजवून ते दृश्य पुरे केले. हरिश्चंद्राने सत्यासाठी पुत्राचा मोह बाजूस सारला, ही कथा सांगता सांगता कथा सांगणाराच त्या कसोटीस लागला! भालचंद्र पुढे बरा झाला. परंतु तसे झाले नसते तर? कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या पित्याच्या मनात त्या घटकेला काय कालवले असेल, ते कोणत्याही फितीवर उमटलेले नाही. कर्तृत्ववान माणसाचा प्रत्येक निर्णय बरोबरच असतो, असे नाही. या एका निर्णयापुढे वाचणाऱ्याने क्षणभर थबकावे, हेच योग्य.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला आणि इतिहास घडला. त्याच वर्षी फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलविला. १९१४ साली ते पुन्हा लंडनला जाऊन आले. पुढे १९१९ च्या ‘कालिया मर्दन’ या चित्रपटात त्यांची चिमुरडी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. याप्रमाणे मुले मोठी होत होती ती वडिलांच्या कॅमेऱ्यापुढेच. कामाला आणि घराला निराळा वेळ देणे फाळक्यांस जमले नाही. म्हणून त्यांनी घरच कामात ओढून घेतले. त्यामुळे वडील मुलांच्या नजरेआड झाले नाहीत, हे खरे. परंतु त्या सोयीचे मोल सर्वांत अधिक कोणी दिले, हेही विसरता येत नाही. पडद्यावर अयोध्येचे राज्य झळकले. त्यावर उजेड पाडणारी चादर आणि ती धरणारे दोन हात कोणाला दिसले नाहीत.

आज चित्रपटाच्या कामावर जाणाऱ्यांस असे घर बरोबर नेता येत नाही. परगावी गेलेला माणूस रात्री दूरध्वनीवरून मुलाचा आवाज ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा कामाला लागतो. त्याला एवढेच ठाऊक असावे लागते की, कुंडीतला अंकुर महिनाभराच्या चित्रांतून एका मिनिटात वाढविता येतो, घरची मुले मात्र दिवसामागून दिवस घेऊनच वाढतात. चुकलेले दृश्य पुन्हा घेता येते. मुलाने टाकलेले पहिले पाऊल पुन्हा घेता येत नाही.

म्हणून पुढल्या वेळी चित्रपट संपल्यावर जरा थांबावे. सरकणाऱ्या यादीतील चार नावे तरी वाचावीत. आणि ती वाचताना, ज्यांची नावे त्या यादीत कधीच येत नाहीत, त्या घरी वाट पाहणाऱ्या माणसांचीही आठवण ठेवावी.