पुनरुत्थानाची साक्ष

शेजाऱ्यावर प्रीति करावी, अपराध्यास क्षमा करावी, ही ख्रिस्ताची शिकवण कोण नाकारील? परंतु क्रूसावर मेलेला येशू तिसऱ्या दिवशीं उठला, हें ऐकतांच आमचे मालवणचे हिंदु मित्र सौजन्यानें गप्प बसतात. आणि पौल तर करिंथकरांस स्पष्ट बजावतो कीं, पुनरुत्थान खोटें असेल तर आपला सारा विश्वासच व्यर्थ होय.

येथें पुराव्याचा प्रश्न येतोच. आमच्या किनाऱ्यावर लहान मुलासही ठाऊक आहे कीं, होडी परत येते, पण कधीं कधीं माणूस येत नाहीं. देह सांपडला नाहीं म्हणून तो जिवंत आहे, असें कोणी म्हणत नाहीं. आमच्या एका चुलत्यांची अशीच वाट पाहतां पाहतां आजी थकली. तेव्हां केवळ रिकाम्या कबरेनें आमचें समाधान होत नाहीं. शिष्यांचेंही झालें नव्हतें. स्त्रियांचें सांगणें त्यांस बाष्कळ वाटलें, असें लूकच लिहितो. त्या काळीं यहुद्यांत स्त्रियांच्या साक्षीस फारसें वजन नसे. कथा रचावयाचीच असती, तर मग्दालिया मरीयेस कोण पुढें करता? कबरेपाशीं किती स्त्रिया गेल्या याविषयीं चारी शुभवर्तमानें एकसारखीं बोलत नाहींत, हेंही विद्यार्थ्यांनीं लपवूं नये. पढविलेल्या साक्षीदारांत असा फरक सहसा राहत नाहीं.

पौलाचें तें पत्र सुमारें इ. स. ५५ चें, म्हणजे घटनेनंतर साधारण २५ वर्षांचें. त्यांत तो पेत्र व याकोब यांचीं नांवें देतो. पांचशेंहून अधिक बंधूंस ख्रिस्त दिसला व त्यांपैकीं बहुतेक अजून हयात आहेत, असेंही सांगतो. भिऊन पळालेल्या माणसांची आपण त्यास पाहिलें अशी खात्री झाली होती, एवढें इतिहासास मानावें लागतें. त्यापुढचें पाऊल विश्वासाचें. तें इतिहासाच्या माथीं मारूं नये, असें आमचें मत आहे.

ही कथा आमच्या भाषेस नवी नव्हे. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्यानें ती मराठी ओव्यांत गाइली. त्याचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोव्यांत रायतूर येथें छापलें गेलें, आणि तेंही रोमी लिपींत!

आम्हांस मात्र योहानाचा शेवटचा अध्याय अधिक जवळचा वाटतो. रात्रभर रिकामें राहिलेलें जाळें, पहांटे त्यांत आलेले १५३ मोठे मासे, आणि कांठावर निखाऱ्यांवर ठेवलेली मासळी व भाकर. मासे मोजले कशाला, हें आमच्या रापणकरांस सांगावें लागत नाहीं. वांटे घालावयाचे तर मोजलेच पाहिजेत. आजी हाच अध्याय आमच्याकडून वारंवार वाचून घेई, आणि निखाऱ्यांपर्यंत आलों कीं हात वर करून जरा थांबावयास सांगे.