कार्टर यांचं दुसरं वाद्य

एकच माणूस सॅक्सोफोनही वाजवतो आणि ट्रम्पेटही म्हटलं, की जॅझवर लिहिणाऱ्यांचा हात सैल सुटतो. अष्टपैलू, अचाट, अद्वितीय! बेनी कार्टर यांच्या वाट्याला ही विशेषणं उभा जन्म आली, आणि जन्मही चांगला लांब: १९०७ ते २००३. शिवाय क्लॅरिनेट, शिवाय संगीतरचना, शिवाय वाद्यवृंदाची बांधणी. सोबतचे वादक त्यांना ‘किंग’ म्हणत. पण कौतुकाच्या या ढिगाऱ्यात एक गोष्ट दबून जाते. कार्टर यांना दोन वाद्यं येत होती यात मला फारसं नवल वाटत नाही. मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये वाजवणाऱ्या गोवेकरांनाही ते वाटलं नसतं. चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे स्वरवाचन, गिरवून आलेले ते वादक गरज पडेल ते वाद्य उचलत, आणि मडगावचे क्रिस पेरी तर ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवत. कार्टर यांच्या बाबतीत नवल आहे ते वेगळंच: ट्रम्पेट हातात घेतला की ते निराळेच कुणी होतात.

दोन्ही वाद्यं पितळेची, पण ओठांच्या लेखी एकमेकींच्या सवती. सॅक्सोफोनला रीड असते. वरचे दात मुखनळीवर टेकवायचे, खालचा ओठ दातांवर किंचित दुमडून रीडखाली धरायचा आणि फुंकायचं. थरथरते ती रीड. ट्रम्पेटला रीडच नाही. छोट्याशा वाटीला ओठ लावायचे आणि खुद्द ओठच थरथरवायचे. बोटांखाली कळा फक्त तीन. बाकी सगळा सूर ओठांच्या ताणावर आणि पोटातल्या श्वासावर. चार दिवस रियाज चुकला, की सॅक्सोफोन एक वेळ सांभाळून घेतो. ट्रम्पेट लगेच चव्हाट्यावर आणतो.

गंमत म्हणजे कार्टर यांचं पहिलं प्रेम ट्रम्पेटच. मॅनहॅटनच्या सॅन वॉन हिल वस्तीत ते वाढले. एलिंग्टन यांच्या बँडमध्ये पुढे गाजलेला ट्रम्पेटवाला बबर मायली शेजारी राहायचा, आणि नात्यातला भाऊ क्यूबन बेनेटही ट्रम्पेट वाजवायचा. या बेनेटची एकही तबकडी निघाली नाही. तो कसा वाजवायचा हे ऐकणाऱ्यांच्या आठवणीतच राहिलं. पोरसवदा बेनीने महिनोन्‌महिने पैसे साठवून गहाणवटीच्या दुकानातून एक ट्रम्पेट आणला. शनिवार-रविवारात काही तो वश होईना, तेव्हा परत करून त्याबदल्यात सॅक्सोफोन घेतला. इतक्या उतावळेपणाने सोडलेल्या वाद्याकडे ते पुढे मोठेपणी, नावारूपाला आल्यावर वळले.

आल्टो सॅक्सोफोनवरचे कार्टर मात्र सुरुवातीपासून संपूर्ण. गोल, स्वच्छ सूर. वाक्य कुठे सुरू करायचं आणि कुठे सोडायचं याचा पक्का हिशेब. कितीही अवघड जागा असो, धावपळीचा मागमूस नाही. जॉनी हॉजेस यांच्याबरोबर त्यांनी आल्टोची भाषा घडवली, चार्ली पार्कर नंतरचे. आणि जे स्वतः वाजवत तेच चार-पाच सॅक्सोफोनांसाठी लिहीत. १९३३च्या ‘सिंफनी इन रिफ्स’मध्ये किंवा १९४०च्या ‘ऑल ऑफ मी’मध्ये सगळे सॅक्सोफोन एका चालीने, जवळजवळच्या स्वरांत, वळणं घेत धावतात. कागदावर लिहिलेलं असूनही आत्ता सुचल्यासारखं वाटतं. पुढच्या कितीतरी वाद्यवृंदांनी हे उचललं.

तरी तक्रार करायचीच तर हीच: आल्टोवर ते कधी अडखळत नाहीत. ऐकताना मान डोलते, जीव मात्र टांगणीला लागत नाही.

तो लागतो ट्रम्पेटवर. २८ एप्रिल १९३७ला पॅरिसमध्ये सॅक्सोफोनवाले कोलमन हॉकिन्स यांच्याबरोबर त्यांनी चार गाणी मुद्रित केली. गिटारवर जँगो राइनहार्ट, पियानोवर चक्क व्हायोलिनवाले ग्रापेली. ‘क्रेझी रिदम’मध्ये चार सॅक्सोफोन एकामागून एक येतात आणि हॉकिन्स मैदान मारतात. सगळे त्या गाण्याबद्दल बोलतात. मला त्याच बैठकीतलं ‘आउट ऑफ नोव्हेअर’ जवळचं, कारण तिथे कार्टर यांनी ट्रम्पेट उचललाय. त्याहून सरस १९३९चं ‘मोअर दॅन यू नो’. चाल संथ, लपायला जागा नाही. सूर उघडा, थोडा कातर. लांब स्वराच्या शेवटी कंप किंचित रुंदावतो आणि वरच्या स्वरावर जाताना क्षणभर वाटतं, हा पोचतो की नाही? पोचतो. पण आल्टोवर हा प्रश्न मुळी पडत नाही. क्यूबन बेनेटचा हरवलेला सूर यात कुठेतरी असेल, असं मी उगाच धरून चालतो. पुरावा काही नाही.

मग ते लॉस एंजेलिसला गेले, सिनेमासाठी आणि पुढे टीव्हीसाठी संगीत लिहू लागले. कृष्णवर्णीय संगीतकाराला स्टुडिओत सहज शिरकाव नव्हता त्या काळात त्यांनी ती दारं उघडली, आणि तिथल्या गोऱ्या-काळ्या वादकांच्या दोन वेगळ्या संघटना १९५३मध्ये एक झाल्या त्यामागेही त्यांची खटपट होती. हे काम मोठं, पण टेबलाशी बसून नोटेशन लिहिणाऱ्याला ओठ तयार ठेवायला सवड कुठली? ट्रम्पेट मागे पडत गेला. मधूनमधून निघायचा, पुन्हा पेटीत जायचा.

१९६१च्या ‘फर्दर डेफिनिशन्स’वर तर तो नाहीच. हॉकिन्स पुन्हा सोबत, पुन्हा चार सॅक्सोफोन, पुन्हा ‘क्रेझी रिदम’. आणि ‘बॉडी अँड सोल’मध्ये हॉकिन्स यांनी १९३९मध्ये ऐन वेळी रचलेली सुरावट कार्टर यांनी सॅक्सोफोनांच्या ताफ्यासाठी लिहून काढली. जाणकार या तबकडीला त्यांचं शिखर मानतात, आणि बांधणीचा विचार केला तर मलाही वाद घालायचा नाही. तरी कार्टर यांचं एकच काहीतरी ठेवून घ्या म्हणाल, तर मी ‘मोअर दॅन यू नो’ ठेवीन, आणि त्यातला गाणाऱ्याचा भाग सरळ वगळीन.