बाही वर घ्या

परळच्या रुग्णालयांत पॅथॉलॉजी करणाऱ्याची पेशंटशी गाठ पडते ती फॉर्मवरच. वय, लिंग, ‘लहान आतड्यात गाठ’. बाकी सगळं फॉर्मालिनच्या डब्यात.

त्या दिवशीच्या आतड्यात मोठी गाठ एकच होती. पण भिंतीवरून बोटं फिरवली तर अर्ध्या-एक सेंटिमीटरच्या आणखी काही हाताला लागल्या. मोठीच पसरली, की प्रत्येक आपापली उगवली? पेशंटच्या दृष्टीनं यात जमीन-अस्मानाचा फरक.

काचेखाली लांबट पेशी, सीडी-११७चा रंग सगळीकडे चढलेला. म्हणजे जिस्ट. आतड्याची लय सांभाळणाऱ्या काहाल पेशींच्या घराण्यातली गाठ. स्लाइड यापुढे फारसं सांगत नाही, म्हणून वॉर्ड गाठला.

पन्नाशीच्या बाई, लालबागच्या. लांब बाह्यांचं पोलकं.

“मावशी, बाही जरा वर घ्याल?”

“ह्या होय? वाताच्या गाठी, डॉक्टर. आईलापण होत्या.”

दंडावरच्या गाठी मऊ. दाबलं की बोट आत जाई. पाठीवर चहाच्या रंगाचे डाग, काखेत बारीक तीळ. फॉर्मवर यातलं एक अक्षर नव्हतं! न्यूरोफायब्रोमॅटोसिस, प्रकार १. रेक्लिंगहाउसेननं १८८२ साली वर्णन केलेला, साधारण तीन हजारांत एकाला होणारा, सतराव्या गुणसूत्रावरच्या जनुकातला दोष. यातल्या थोड्याच जणांना जिस्ट होतो. पण झाला तर बहुधा लहान आतड्यात, आणि एकाहून अधिक.

एवढी उठाठेव गोळीसाठी. नेहमीच्या जिस्टमध्ये बहुधा किट जनुक बिघडलेला असतो, हे १९९८मध्ये कळलं. इमॅटिनिब त्याचंच प्रथिन अडवतं. १ एप्रिल २०१३ला सर्वोच्च न्यायालयानं याच औषधाचं पेटंट नाकारलं. देशी गोळी स्वस्तात मिळते, त्यामुळे लिहून देणंही सोपं. मावशींच्या जातीच्या गाठीत मात्र किट सहसा शाबूत असतं आणि गोळी फारशी लागू पडत नाही. भिस्त शस्त्रक्रियेवर. लहान गाठी पुष्कळदा वर्षानुवर्षं तशाच राहतात, त्यांच्यावर नुसती नजर ठेवायची. रिपोर्टात मी हे सविस्तर लिहिलं. काही सर्जनांना पॅथॉलॉजिस्टचं एवढं बोलणं खपत नाही, न खपो.

“माझ्या मुलाला नाही ना होणार?” मावशींनी विचारलं. प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता असते. तो पंचविशीचा, दादरला नोकरीला. शनिवारी त्याला बोलावलंय, बुबुळावरचे ठिपके बघायला नेत्रविभागाची चिठ्ठीही दिलीय. या वयापर्यंत अंगावर एकही डाग उठलेला नसेल, तर दोष त्याच्याकडे आलेला नाही, असं जवळपास खात्रीनं सांगता येईल.