पाचाडच्या वाटेनं समुद्राकडे

आमच्या अनसिंगहून समुद्र कुठल्याच बाजूनं जवळ नाही. पश्चिमेचा सरळ रेषेत मोजला तरी पाचशे किलोमीटरच्या घरात, आणि पूर्वेचा त्याहून लांब. त्यामुळे इथल्या माणसाला समुद्र न पाहता सबंध आयुष्य काढता येतं, आणि त्यात काही राहून गेलं असं कोणाला वाटतही नाही. माझ्या आईनं अशी ७४ वर्षं काढली.

आता मात्र थोडी घाई आहे. मागच्या वर्षी तिचे डोळे तपासले तेव्हा काचबिंदू निघाला. या आजाराचं वाईट म्हणजे तो बहुतेक वेळा दुखत नाही. कडेची नजर आधी जाते, समोरचं दिसत राहतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंबांनी सांभाळायची, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. आईनं सगळं शांतपणे ऐकलं. घरी आल्यावर चहा पिता पिता एवढंच म्हणाली, "मले एकदा समुद्र दाखवून आन बाप्पा. लोनारचं तळं तेवढं पाह्यलं म्या खाऱ्या पान्याचं."

तर मंडळी, तेव्हापासून आमच्या घरात नियोजन चालू आहे. नकाशा भिंतीवर, वही मुलीकडे, हिशेब माझ्याकडे आणि नकाराधिकार आईकडे.

पहिला सल्ला अर्थातच पुण्याच्या भाच्याचा. "मामा, समृद्धीनं जा. मालेगावला चढा, संध्याकाळी मुंबईत समुद्र." त्याचं चूक नाही. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा उघडल्यावर पूर्ण झाला, आणि तो आमच्या जिल्ह्यातूनच जातो. सकाळी वाशीम सोडलं की रात्री चौपाटीवर भेळ खाता येईल. पण आईनं विचारलं, "त्याच्यावरून गावं दिसतात काय?" म्हटलं, फारशी नाही, दोन्हीकडून कुंपण आहे. "मंग कायले जायचं? बसल्या जागी झोपूनच जाईन मी."

मग ठरलं की गावांतून जायचं. नकाशात कोणता रस्ता धरावा याचा विचार करत असताना एक गोष्ट लक्षात आली. आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेड राजा. लखुजीराव जाधवांचा वाडा तिथं, आणि १२ जानेवारी १५९८ ला जिजाऊंचा जन्म तिथलाच. म्हणजे ही बाई आमच्याच बाजूची. तिथून ती गेली ती थेट सह्याद्रीत, आणि शेवटी विसावली रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला. सिंदखेड, शिवनेरी, पाचाड या तीन ठिकाणांना जोडणारी रेघ ओढली तर ती आपोआप कोकणाकडे जाते. पुढं मालवण, सिंधुदुर्ग. आम्हाला वेगळा रस्ता शोधायची गरजच उरली नाही.

मुलीच्या वहीत आता असं लिहिलं आहे. पहिला दिवस वाशीम, रिसोड, लोणार. तिथं दैत्यसूदनाचं देऊळ आणि वरूनच तळं. खाली उतरायचं नाही. नंतर सिंदखेड राजा, आणि तिथून छत्रपती संभाजीनगरला मुक्काम. सिंदखेडपासून तेवढा तुकडा समृद्धीनं, भाच्याच्या समाधानासाठी. दुसऱ्या दिवशी अहिल्यानगर, आळेफाटा, जुन्नर. तिसऱ्या दिवशी भाच्याकडे पुणे. चौथ्या दिवशी मुळशीवरून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, महाड, पाचाड.

नियम दोनच केले आहेत. दिवसाला २५० किलोमीटरच्या वर गाडी चालवायची नाही, आणि सूर्य मावळायच्या आत मुक्कामावर पोचायचं. तिन्हीसांजेला नव्या जागेत पायरी कुठं संपते ते आईला कळत नाही. सकाळ-संध्याकाळचा आणि रात्री झोपतानाचा असे थेंबही वेळेवर पडायला हवेत. थेंबांचा डबा माझ्या हातात नाही तर सौ.च्या पर्समध्ये राहील, असा ठराव एकमतानं (म्हणजे सौ.च्या मतानं) पास झाला आहे.

किल्ल्यांची यादी करणं सोपं होतं, पायऱ्यांची यादी करायला वेळ लागला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्यातले शिवनेरी, रायगड आणि सिंधुदुर्ग हे तीन आमच्या वाटेवर आहेत. शिवनेरीला गाडी बरीच वर जाते, पण पुढं पायऱ्या आणि एकामागून एक सात दरवाजे. तिथं मुलगी आणि सौ. वर जातील, १९ फेब्रुवारी १६३० ला महाराज जन्मले ती जागा बघून येतील. मी आणि आई खाली शेंगा खात बसू. रायगडाला चौदाशेच्या वर पायऱ्या आहेत, पण १९९६ पासून रोपवेही आहे. काही मिनिटांत वर.

रोपवेचं ऐकून आई खूश होईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "एवढ्या वर कायले चढवता मले? जिजाऊ कुठं राहे?" म्हटलं, पाचाडला, खाली. "काहून?"

हे मी तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो, कारण माझ्या मते या सगळ्या प्रवासाचं मर्म तिथं आहे. रायगडावर राजधानी झाली तेव्हा जिजाऊंचं वय सत्तरीच्या पुढं. गडावरची थंड हवा आणि वारा त्यांना सोसवेना. म्हणून महाराजांनी पायथ्याशी पाचाडला त्यांच्यासाठी वेगळा वाडा बांधला. त्या वाड्याचे अवशेष आजही आहेत. वाड्यातल्या एका विहिरीला दगडी तक्क्या आहे, टेकून बसायला. तिला तक्क्याची विहीर म्हणतात. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला, आणि अकराच दिवसांनी, १७ जूनला, जिजाऊ पाचाडला गेल्या. समाधी तिथंच आहे.

आपण शाळेत शिकतो ते तह आणि लढाया. पण ज्या माणसानं एवढे गड बांधले त्यानं आईला 'चढ गड' म्हटलं नाही. गडाखाली तिच्या तब्येतीला मानवेल असं घर बांधलं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. घरातलं म्हातारं माणूस सहलीला निघालं की आपण त्याला गाडीत 'बसवून नेतो'. कार्यक्रम आपला असतो, त्यानं फक्त जमवून घ्यायचं. किंवा मग 'तुला झेपणार नाही' म्हणून घरी ठेवतो. पाचाडनं मला तिसरा मार्ग दाखवला. बेतच त्या माणसाच्या पायानं आणि डोळ्यानं आखायचा, बाकीच्यांनी त्यात आपापलं बसवायचं. असं केलं म्हणून सहल उणी होत नाही. उलट आमचा रस्ताच त्यातून सापडला.

आई ऐकून म्हणाली, "तिले बी सोसत नोतं मंग. बरं झालं." आणि रोपवेला होकार दिला. का ते विचारू नका!

आता बेटांचा प्रश्न. तीन जलदुर्ग चर्चेत होते. पहिला मुरूडचा जंजिरा. राजपुरीहून शिडाची होडी, आणि दरवाज्यापाशी हलत्या होडीतून पायरीवर पाय टाकायचा. भरतीच्या लाटेत तरण्याताठ्यांची भंबेरी उडते, तर कडेचं न दिसणाऱ्या माणसाचं काय! शिवाय जंजिरा महाराजांनाही शेवटपर्यंत मिळाला नाही, समोर पद्मदुर्ग बांधूनसुद्धा. तेव्हा आम्ही सोडला तर कोणी नावं ठेवणार नाही. दुसरा हर्णैचा सुवर्णदुर्ग. तिथं लहान होडीतून जायचं आणि बेटाशी पाण्यात उतरायचं. तोही कट. तिसरा सिंधुदुर्ग. मालवणच्या जेटीवरून बोट, अर्ध्या किलोमीटरच्या आसपास अंतर, उतरायला बऱ्यापैकी सोय. हा आमचा.

सिंधुदुर्गाबद्दल जे वाचत गेलो ते आईला रोज संध्याकाळी थोडं थोडं सांगतो. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ ला पाया घातला, तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. तट सुमारे तीन किलोमीटरचा, पण जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा म्हणून जपलेला चुन्यातला ठसा. हे सगळं तिनं भाविकपणे ऐकलं. पण खरी ती सावरून बसली विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चहूकडे खारं पाणी आणि मधे या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. आमच्याकडे दोनशे फूट बोअर मारून धूळ निघते, तेव्हा तिला याचं अप्रूप वाटणारच. "त्या विहिरीचं पानी पेता येईन काय?" म्हटलं, तिथं विचारू.

राहता राहिला मुहूर्त. समुद्राचं आणि शेताचं वेळापत्रक जुळवणं हे सगळ्यात अवघड निघालं. पावसाळ्यात बोटी बंद. पाऊस संपला की आमची सोयाबीन काढणी, लगेच हरभऱ्याची पेरणी. जानेवारीत तूर. १२ जानेवारीला तर सिंदखेडला माणसांचा पूर येतो. मधे उरतो नोव्हेंबरचा शेवट आणि डिसेंबरची सुरुवात. हरभरा फुलावर यायच्या आत परत यायला हवं. शेजारच्या काकांनी म्हैस आणि मोटार दोन्ही बघायचं कबूल केलं आहे. म्हशीचं काही नाही, लाइट रात्री आली तर मोटार सुरू करायला उठावं लागतं, त्याचं मला अवघड वाटतं. पण ते म्हणाले, "माय समुद्र पाह्यते म्हन्ते, तू जाय."

पाचाडनंतर कशेडीच्या बोगद्यातून चिपळूणला मुक्काम, तिथून मालवण. परतीला फोंडा घाटानं कोल्हापूर, मग पंढरपूर, तुळजापूर आणि नांदेड. अंबाबाई, विठोबा आणि भवानी हे तिन्ही आईनं परस्पर घातले, तिथं चर्चेला वाव नव्हता. नांदेडच्या ताईनं हे वाचलं तर तिनं एका रात्रीच्या मुक्कामाची तयारी ठेवावी, पुरणपोळी केली तर हरकत नाही. शेवटी उमरखेड-पुसद करत अनसिंग. म्हणजे निघायचं वाशीमच्या रस्त्यानं आणि यायचं पुसदच्या. एकूण १४ दिवस आणि १८००-१९०० किलोमीटर. आमची वॅगन आर लिटरला १८ देते असं धरलं तर शंभर-एकशे पाच लिटर पेट्रोल. भाचा म्हणतो, एवढ्यात विमानानं गोवा झाला असता. झाला असता. पण विमानातून पाचाड लागत नाही.

परवा वही पूर्ण झाली म्हणून आईला पहिल्यापासून वाचून दाखवली. मालवणचा दिवस आला तेव्हा तिनं थांबवलं.

"तिनं पाह्यला असंन काय रे समुद्र? जिजाऊनं?"

मी काही बोललो नाही. मुलगी माझ्याकडे बघत होती. मग तिनंच वही घेतली आणि मालवणच्या पुढं आणखी एक दिवस लिहिला. वारा असला, बोट सुटली नाही तर हाताशी असावा म्हणून. आणि सुटलीच तर आजीनं नुसतं किनाऱ्यावर बसावं म्हणून. समोरचं तिला अजून चांगलं दिसतं. बाकीचा समुद्र बघायला तिला मान वळवावी लागेल, त्याला वेळ हवा.

म्हणजे आता १५ दिवस झाले. काकांना सांगायचं आहे.