घाट उतरतांना

घाट चढणें कठीण कीं उतरणें कठीण, असा प्रश्न कोणी विचारला तर दहांपैकीं नऊ जण ‘चढणें’ असेंच उत्तर देतील. गुडघेदुखीनें त्रासलेलीं वडील माणसें या उत्तरास मान डोलावणार नाहींत, हा भाग वेगळा. हातानें गिअर बदलावयाची मोटार घेऊन ज्यांनीं सह्याद्रीच्या घाटांतून वर्षानुवर्षें जा-ये केली आहे, त्यांचाही अनुभव त्या वडील माणसांसारखाच आहे. चढणीवर एंजिनाची परीक्षा होते; उतारावर हांकणाऱ्याची.

गिअर ही काय वस्तु आहे हें घरांतील मुलांस समजावून देतांना आम्ही जिन्याचा दाखला देतों. एकाच माडीवर जाण्यासाठीं दहा उंच पायऱ्याही करतां येतात आणि वीस बुटक्या पायऱ्याही. बुटक्या पायऱ्यांवर पावलें दुप्पट पडतात, पण प्रत्येक पावलास श्रम निम्मे होतात. पहिला गिअर म्हणजे बुटक्या पायऱ्यांचा जिना. एंजिन पुष्कळ फिरतें, चाक थोडें फिरतें, परंतु त्या थोड्या फिरण्यांत जोर असतो. म्हणून चढण समोर दिसतांच, एंजिन धापा टाकूं लागण्यापूर्वींच, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यावें. मध्येंच थांबावें लागलें तर हातब्रेक ओढून ठेवावा. पुन्हा निघतांना ॲक्सिलरेटरवर बेताचा पाय देऊन क्लच सावकाश सोडावा, आणि एंजिनाचा आवाज किंचित् जड होऊन गाडीचें नाक उचलल्यासारखें वाटलें कीं मगच हातब्रेक खालीं करावा. गाडी तसूभरही मागें येत नाहीं. अर्धवट दाबलेल्या क्लचवर गाडी तोलून धरण्याची चतुराई मात्र कोणीं करूं नये. क्लचची तबकडी करपते, आणि तो वास म्हणजे दुरुस्तीच्या बिलाची आगाऊ सूचनाच असते.

उतारावर सर्वच उलट. तेथें शक्ति खर्चावी लागत नाहीं. फुकट मिळालेली शक्ति कोठें जिरवावी हीच विवंचना असते. मुळशीच्या धरणाचें पाणी डोंगराखालीं भिऱ्यास सुमारें ५०० मीटर उतरतें, तेव्हां त्यांतून वीज निघते. भिऱ्याच्या वीजगृहानें १९२७ पासून हेंच काम केलें आहे. माणसांसह १५०० किलो वजनाची मोटार तितकीच खालीं उतरली, तर तिचीही शक्ति कोठें तरी गेलीच पाहिजे. ती सारी ब्रेकांनींच शोषावयाची म्हटलें, तर तेवढ्या उष्णतेंत वीस लिटरांहून अधिक गार पाणी उकळूं शकेल. म्हणजे एका मोठ्या बंबाचें पाणी! वाऱ्यानें त्यांतील कांहीं उष्णता निवते हें खरें. पण पाय सतत ब्रेकवर ठेवणाऱ्याचे ब्रेक तापतच जातात. ते फार तापले कीं त्यांची पकड ढिली होते, नळ्यांतील द्रव उकळूं लागतो, आणि ऐन वळणावर पाय द्यावा तों पेडल पोकळ लागून खालीं जातें.

यावरील तोड जुन्या ड्रायव्हरांनीं एका वाक्यांत सांगून ठेविली आहे : ज्या गिअरांत घाट चढाल त्याच गिअरांत उतरा. बुटक्या गिअरांत ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला कीं चाकेंच एंजिनास फिरवूं लागतात. आणि एंजिन हें असें बिऱ्हाड आहे कीं दुसऱ्याच्या जोरावर फिरावयास तें सहजासहजीं कबूल होत नाहीं. त्याचा हा अडेलपणाच गाडीस मागें ओढून धरतो. ब्रेक मग वळणापुरता, थोडा वेळ पण ठामपणें, दाबला म्हणजे पुरे.

कित्येक काटकसरी सद्गृहस्थ उतार लागतांच गाडी न्यूट्रलमध्यें टाकतात आणि पेट्रोल वांचविल्याच्या समाधानांत खालीं येतात. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांच्या काळीं या हिशेबांत कांहीं तथ्य असेलही, पण आतां तेंही उरलेलें नाहीं. विजेच्या यंत्रणेनें पेट्रोलची फवारणी करणाऱ्या हल्लींच्या एंजिनांत, गाडी गिअरमध्यें असून ॲक्सिलरेटरवर पाय नसेल तर फवारणी पुरती थांबते. उलट न्यूट्रलमध्यें एंजिन चालू ठेवण्यापुरतें पेट्रोल जळतच राहतें. म्हणजे बचत नाहींच, वर जिवाशीं खेळ!

आगगाडीनेंही हा धडा फार पूर्वींच घेतला आहे. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्यें पुरा झाला; त्याची चढण ३७ फुटांस एक फूट इतकी कडक आहे. कर्जतहून लोणावळ्याकडे चढणाऱ्या गाडीस मागून ढकलणारीं एंजिनें जोडतात, तीं सर्वांच्या नजरेंत भरतात. परंतु उतरणाऱ्या गाडीसाठीं केलेली तजवीज फारशी कोणी पाहत नाहीं. ब्रेक तपासल्यावांचून तिला घाटांत सोडीत नाहींत, आणि ती आवरेनाशी झालीच तर तिला चढावर वळवून थांबविणारे आडफांटे तेथें बांधून ठेविले आहेत.

हें सर्व लिहिण्यास घरांतीलच एक प्रसंग कारण झाला. आमचे थोरले बंधु अण्णा यांचें वय शहात्तर. दर भाद्रपदांत पौड, मुळशी, ताम्हिणी या मार्गानें आम्ही कोंकणांतील घरीं गणपतीस जातों, आणि चाळीस वर्षें मोटार हांकली ती अण्णांनीं. मोटारीची किल्ली तिजोरीच्या किल्लीशेजारीं त्यांच्या जानव्यास असे. गेल्या वर्षीं डोळ्यांच्या डॉक्टरांनीं त्यांना घाटांत मोटार हांकण्याची साफ मनाई केली. पुतण्या नोकरीनिमित्त परगांवीं होता, आणि आम्हीं स्वतः हा हुन्नर कधीं हस्तगत केला नाहीं. राहिली सूनबाई. शहरांत सहा वर्षें ती सफाईनें गाडी हांकीत आली आहे. परंतु पावसांतला, धुक्यांतला ताम्हिणी घाट, आणि गाडींत दोन लहान मुलें! वहिनी म्हणाल्या, “भाड्याचा ड्रायव्हर बघावा.” अण्णा रात्रभर कांहीं बोलले नाहींत. सकाळीं त्यांनीं किल्ली सोडवून सूनबाईच्या हातीं दिली, आणि स्वतः डाव्या बाजूस जाऊन बसले.

ताम्हिणी ओलांडून उतार लागला तेव्हां धुकें दाट होतें. सूनबाईनें दुसरा गिअर धरला. आम्ही मागें वहिनी व मुलांसमवेत बसलों होतों, तेथून अण्णांचा उजवा पाय आम्हांस दिसत होता. प्रत्येक वळणावर तो समोरच्या सतरंजीवर, नसलेल्या ब्रेकवर, दाबला जाई. मागील गाड्यांनीं भोंगे वाजवून घाई केली. अण्णांचे ओंठ हलले आणि पुन्हा मिटले. एका अरुंद वळणावर समोरून एस्टीची बस चढत आली. सूनबाईनें कडेस घेऊन गाडी थांबविली.

“आई, आपण कां थांबलों?” धाकट्यानें विचारलें.

“वर चढणाऱ्याला आधीं वाट द्यायची असते, बाळ. तो थांबला तर त्याला पुन्हां निघायला फार त्रास पडतो.”

घाटांतील अरुंद रस्त्याचा कायदाही हेंच सांगतो. अण्णा खिडकींतून बाहेर पाहत राहिले. पण त्यानंतर त्यांचा पाय सतरंजीवर दाबला गेला नाहीं.

निजामपुरास चहा घेतांना सूनबाईनें भीत भीत विचारलें, “अण्णा, कांहीं चुकलं का?”

“दुसरा वेळेवर टाकलास,” अण्णा म्हणाले, आणि बशींत चहा ओतूं लागले. आमच्या घरांत याहून मोठें प्रशस्तिपत्र आजवर कोणास मिळालेलें नाहीं.

एकत्र कुटुंबांत वडीलपणाचाही एक उतार असतो. कांहीं वडील तेथें गाडी न्यूट्रलमध्यें टाकतात. ‘आतां तुमचें तुम्ही पाहा’ म्हणून सर्वांतूनच अंग काढून घेतात. कांहीं पाय सतत ब्रेकवर ठेवितात. प्रत्येक गोष्टीस हटकून स्वतः तापतात, आणि खरोखर थांबवावयाची वेळ येते तेव्हां त्यांचा शब्द पोकळ लागतो. घरांशीं जोडलेलें राहावें, परंतु जोर लावूं नये, आणि वळणापुरताच ब्रेक द्यावा, हें साधणें चढण चढण्याहून अवघड आहे. त्या दिवशीं शेजारीं मुकाट्यानें बसून अण्णांनीं जो घाट उतरला, तो सूनबाईनें उतरलेल्या घाटाहून सोपा होता असें आम्हांस वाटत नाहीं.

कोंकणांतून परतल्यावर किल्ली जानव्यास पुन्हां बांधली गेली नाहीं. माजघरांतील खुंटीवर, सर्वांच्या हातास येईल अशी ती आतां असते. टायरांतील हवा व ब्रेकचें तेल पाहण्याचें काम मात्र अण्णांनीं आपल्याकडेच ठेविलें आहे. आणि निघण्यापूर्वीं त्यांचा होकार आल्यावांचून सूनबाई गाडी सुरू करीत नाहीं.