सिमेंट भट्टीच्या धुळीस



गडचांदूर, आवारपूर, घुग्घुस. चंद्रपूर जिल्ह्यातल्या या गावांना तुझी ओळख करून द्यायला नको. हिवाळ्यात पहाटे दव पडतं, तू कपाशीच्या पानावर भिजतेस आणि ऊन चढेपर्यंत पापुद्रा धरतेस. नखाने खरवडला तर पानावरची लवही सोबत निघते.

तरीही तुला कचरा म्हणायला माझी तयारी नाही. तुझ्यासाठी खाणीत सुरुंग लागले, चुनखडी फोडली, दळली, कोळसा जाळून तापवली. हजार किलो शुद्ध चुनखडीचा चुना होताना ४४० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तुझ्यातला काही भाग ही भाजणी सोसूनच येतो. तुला वाऱ्यावर सोडलं की तो कोळसा वाया जातो आणि गावाचा श्वासही कोंडतो.

तुझी किंमत शंभर वर्षांपूर्वीच कळली होती. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला संत्र्याच्या बागवाल्यांनी सिमेंट कारखान्याला कोर्टात खेचलं. मग फ्रेडरिक कॉट्रेल यांचं, विजेच्या भाराने धूळ ओढून घेणारं यंत्र तिथे बसलं. पहिल्या महायुद्धात जर्मनीचं पोटॅश यायचं थांबलं, तेव्हा त्याच पकडलेल्या धुळीतलं पोटॅश खत म्हणून विकलं गेलं. तंटा झाला नसता तर ते धुराबरोबरच उडालं असतं.

आज बॅग फिल्टर आणि ईएसपी, म्हणजे कॉट्रेल यांच्याच जातीचं विजेचं यंत्र, तुला पकडतात, कच्च्या मालात मिसळून पुन्हा भट्टीत धाडतात. पण सगळीच तू परत जाऊ शकत नाहीस. क्लोराइड आणि अल्कली फेरीगणिक साठतात, भट्टीआधी माल तापवणाऱ्या प्रीहीटरला आतून थर चढतो, वाट तुंबते. म्हणून थोडी धूळ बायपासने बाहेर काढावीच लागते. ती नाल्याकाठी ओतली तर पाण्यात क्षार उतरतात. तपासून वापरली तर हीच धूळ फुगणाऱ्या काळ्या मातीला घट्ट करते, आणि आमच्याकडचे रस्ते दर पावसाळ्यात त्याच मातीपायी खचतात. तुझा दुसरा जन्म तिथे व्हावा असं मला मनापासून वाटतं.

माझी खरी काळजी तू निसटतेस त्या मिनिटांची आहे. भट्टीच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड वाढला की स्फोट टळावा म्हणून ईएसपीची वीज आपोआप तुटते, आणि तेवढा वेळ तू मोकळी. बॅग फिल्टरची पिशवी फाटली तरी तेच. धुरांड्यावरच्या यंत्राचे आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातात, पण पऱ्हाटीत वेचणी करणाऱ्या बाईपर्यंत पोचत नाहीत. ते रोज ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजेत: ईएसपी किती मिनिटं बंद होती, किती टन धूळ पकडली, किती भट्टीत परत गेली आणि उरलेली कुणाच्या जमिनीवर उतरवली.

तुझा हिशेब मागणारा,
कोरपना तालुक्यातला एक शेतकरी